आभासी ऑफिस आणि त्याचे स्विच: प्रकल्प नोंदी, सोलापूर २०१९

४ फेब्रुवारी, सोमवार

ठिकाण: अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा कारखाना. हिशोब, निर्यात, पॅकिंग, स्टोअर आणि डिझाइन मिळून २४ जण एकाच विंडोज सर्व्हर २०१६ वर रिमोट डेस्कटॉपने काम करतात. टेबलावर फक्त थिन क्लायंट (सर्व्हरचा पडदा दाखवण्यापुरते छोटे संगणक). सर्व्हरवर मायक्रोसॉफ्ट ऑफिस नेहमीसारखे इन्स्टॉल करायचे नाही, अ‍ॅप-व्ही पॅकेजमधून द्यायचे (अ‍ॅप-व्ही ही मायक्रोसॉफ्टची सोय: प्रोग्रॅम नेहमीसारखा इन्स्टॉल न होता आभासी पॅकेजमधून चालतो). अपडेट बिघडले तर जुने पॅकेज पुन्हा पब्लिश करता यावे (वापरकर्त्यांना खुले करता यावे), एवढाच त्यामागचा हेतू. वेगळा परवाना लागत नाही. रिमोट डेस्कटॉपच्या कॅलमध्ये (सर्व्हरला जोडण्याच्या परवान्यात) अशा सर्व्हरवर अ‍ॅप-व्ही वापरण्याचा हक्क येतो.

खात्यांनी मागितलेले: निर्यातवाल्यांना आयकॉन दाबला की इन्व्हॉइसच्या नमुन्यावरचा नवा कागद. सूत खपाची जड एक्सेल शीट बाकीच्या शीटना न अडकवता चालणे. चिंचोळी एमआयडीसीतल्या गोदामाला पॅकिंग लिस्ट फक्त वाचण्यापुरती. पॅकिंगच्या जुन्या बारकोड लेबल प्रोग्रॅमला ऑफिसचा डेटा. आणि आम्हाला (यंत्रणा सांभाळणाऱ्यांना), कुणाचे वर्ड अडले तर लगेच उघडायला सेफ मोड (जोडलेल्या गोष्टींशिवाय साधे उघडणे).

यातली बहुतेक कामे कमांड लाइनच्या स्विचने, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करताना त्याच्या नावापुढे जोडलेल्या सूचनेने, होतात. अडचण स्विचची नाही, तो कुठून द्यायचा याची आहे.

नोंदवही देवनागरीत असल्याने स्विच उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. '/सेफ', '/एन', '/क्यू' वगैरे टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरे.

५ फेब्रुवारी, मंगळवार

पॅकेज तयार केले. अ‍ॅप-व्हीच्या सिक्वेन्सरमध्ये ऑफिस रेकॉर्ड करायच्या फंदात पडायचे नाही, तो रस्ता या ऑफिसला चालत नाही. ऑफिस डिप्लॉयमेंट टूल स्वतःच पॅकेज बनवते: आधी '/डाउनलोड' आणि कॉन्फिगरेशनची फाइल, मग '/पॅकेजर', तीच फाइल आणि तयार पॅकेज ठेवायचा फोल्डर. कॉन्फिगरेशनमध्ये ३२ बिट आवृत्ती घेतली, कारण बारकोडचा प्रोग्रॅम ३२ बिट आहे. शेअर्ड कॉम्प्युटर लायसेन्सिंगची किंमत १ केली. ही ओळ विसरली तर रिमोट डेस्कटॉप सर्व्हरवर ऑफिस सक्रियच होत नाही, आणि ते कळते सगळे मांडून झाल्यावर.

सर्व्हरवर क्रम असा: 'इनेबल-अ‍ॅपव्ही' (सर्व्हर २०१६ मध्ये अ‍ॅप-व्हीचा क्लायंट आधीपासूनच असतो, फक्त चालू करायचा), मग पॅकेजमधल्या स्क्रिप्टना परवानगी, मग पॅकेज जोडणे, मग ग्लोबल पब्लिश. ऑफिसचे पॅकेज एकेका वापरकर्त्यापुरते पब्लिश करायचे नसते, ग्लोबलच करावे लागते. शेवटी 'माउंट-अ‍ॅपव्हीक्लायंटपॅकेज' देऊन पूर्ण पॅकेज सर्व्हरवर उतरवून घेतले. माउंट न करता सोडले तर सकाळी पहिला माणूस वर्ड उघडतो तेव्हा फायली नेटवर्कवरून येत राहतात आणि तो थिन क्लायंटलाच शिव्या देतो.

७ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला प्रयोग साधा. डेस्कटॉपवर वर्डचा शॉर्टकट, टार्गेटच्या शेवटी '/सेफ'. चालला. पण टार्गेटमध्ये कोणता पाथ टाकलाय ते आधी पाहायला हवे होते.

एकाच वर्डच्या एक्झीकडे (प्रोग्रॅमच्या फाइलकडे) जाणारे दोन रस्ते सर्व्हरवर दिसतात.

पहिला पॅकेजच्या साठ्यातला: सी:\प्रोग्रॅमडेटा\अ‍ॅप-व्ही\[पॅकेज-आयडी]\[व्हर्जन-आयडी]\रूट\ऑफिस१६\

दुसरा जोडणीचा: सी:\प्रोग्रॅमडेटा\मायक्रोसॉफ्ट\अ‍ॅपव्ही\क्लायंट\इंटिग्रेशन\[पॅकेज-आयडी]\रूट\ऑफिस१६\

आज दोन्हीकडून तेच वर्ड उघडते, त्यामुळे फरक लक्षात येत नाही. पहिल्या पाथमध्ये व्हर्जन-आयडी आहे. डिप्लॉयमेंट टूलने पुढच्या महिन्यात नवे पॅकेज बनवले की पॅकेज-आयडी तोच राहतो, व्हर्जन-आयडी बदलतो. मग जुने पॅकेज काढले की पहिल्या पाथवरचा प्रत्येक शॉर्टकट मेला. दुसऱ्या पाथमधला 'रूट' हा खरा फोल्डर नाही. ती एक जोड आहे, आणि चालू आवृत्ती जिथे असेल तिकडे क्लायंट तिचे तोंड वळवतो.

आजपासून नियम: हाताने लिहिलेल्या कोणत्याही टार्गेटमध्ये, बॅचमध्ये किंवा पॉलिसीमध्ये फक्त इंटिग्रेशनचा पाथ. टास्क मॅनेजरमधून 'ओपन फाइल लोकेशन' करून पाथ उचलायचा नाही, तिथून साठ्यातला पाथ हाती लागू शकतो.

लांबीही मोजली. इंटिग्रेशनचा पाथ वर्डच्या नावासह १११ अक्षरांचा होतो. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमधली टार्गेटची चौकट २६० अक्षरांवर थांबते. अवतरणचिन्हे धरून स्विच आणि नमुन्याच्या पाथसाठी १४० च्या आसपास अक्षरे उरतात. नमुन्यांचे शेअर खोल फोल्डरात ठेवायचे नाही, हे इथेच ठरले.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

स्विच पोहोचला का हे डोळ्यांनी पाहायची सोय केली. टास्क मॅनेजर, डिटेल्स, रकान्यांच्या शीर्षकावर उजवी क्लिक, 'कमांड लाइन' निवडायचे. प्रत्येक वर्ड, एक्सेल काय घेऊन उठले ते पूर्ण ओळीत दिसते. पॉवरशेलमध्ये 'गेट-अ‍ॅपव्हीव्हर्च्युअलप्रोसेस' दिले की आभासी वातावरणात चाललेल्या प्रोसेसचीच यादी येते. पुढचे निम्मे गोंधळ या दोन गोष्टींनी मिटतील.

११ फेब्रुवारी, सोमवार

निर्यात खात्याचा इन्व्हॉइस. हवे ते असे: आयकॉन दाबला की वर्डची स्वागत-पाटी न दाखवता नमुन्यावरून नवा, नाव नसलेला कागद.

वर्डला दिले: '/क्यू' आणि '/टी', आणि '/टी'ला चिकटून लगेच अवतरणचिन्हात नमुन्याचा पाथ. मध्ये जागा नाही. जागा सोडली तर स्विच आणि पाथ वेगळे धरले जाऊ शकतात, आणि कुणीतरी मूळ नमुन्यावरच ग्राहकाचे नाव टाइप करून सेव्ह करेल ही भीती. म्हणून नमुन्यांच्या फोल्डरला वापरकर्त्यांना फक्त वाचण्याचा हक्क ठेवला. स्विच चुकला तरी नमुना खराब होत नाही.

एक्सेलमध्ये मात्र '/टी' नंतर जागा सोडून पाथ देतात. एकाच घरातल्या दोन भावांची सवय वेगळी. वर्डची ओळ कॉपी करून एक्सेलसाठी बदलताना हेच चुकते.

वर्डचे '/एन' (नवे इन्स्टन्स, म्हणजे वर्डची वेगळी चालणारी प्रत, कागदाशिवाय) इन्व्हॉइसच्या शॉर्टकटमध्ये घातले नाही. एका माणसाचे तीन वर्ड उघडे राहिले तर २४ जणांच्या सर्व्हरवर ते परवडत नाही, शिवाय एका इन्स्टन्समधले कागद दुसऱ्याच्या 'स्विच विंडोज' यादीत दिसत नाहीत.

१३ फेब्रुवारी, बुधवार

आजचा दिवस देवनागरीने खाल्ला.

निर्यातवाल्यांचे नमुने मराठी नावांचे आहेत: 'पावती', 'टॉवेल इन्व्हॉइस', 'चादर चलन'. शॉर्टकटमध्ये ही नावे बिनतक्रार चालतात. पण पाच खात्यांसाठी वेगवेगळे शॉर्टकट बनवण्याऐवजी एकच बॅच फाइल करून खात्यानुसार नमुना उघडायचा विचार होता, आणि तिथे गाडी अडली.

पहिला प्रयत्न: सर्व्हरच्या नोटपॅडमध्ये लिहून एएनएसआय (मराठी न मावणारी जुनी अक्षर-पद्धत) म्हणून सेव्ह. सगळ्या मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हे झाली. वर्ड उघडले आणि फाइल सापडत नाही म्हणाले. नोटपॅड सेव्ह करतानाच इशारा देते, आपण तो न वाचता ओके दाबतो.

दुसरा प्रयत्न: यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या मावणारी पद्धत) म्हणून सेव्ह. सर्व्हर २०१६ चे नोटपॅड यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची खूण घालते. कमांड प्रॉम्प्टला ती खूण कळत नाही. पहिल्या ओळीतल्या 'एको ऑफ'ला ती चिकटली आणि तीन विचित्र चिन्हांसकट अशी कमांड नाही असा संदेश आला. पुढच्या ओळी चालल्या, पण कोड पेज (अक्षरे कशी वाचायची ती सेटिंग) जुनेच असल्याने मराठी नावांचा चुराडा.

तिसरा, चाललेला: खुणेशिवाय यूटीएफ-८ सेव्ह करणारा दुसरा एडिटर, आणि मराठी नाव येण्याच्या आधीच्या ओळीत 'सीएचसीपी ६५००१' (कोड पेज यूटीएफ-८ करणारी कमांड). काळ्या खिडकीत मराठीच्या जागी चौकोनच दिसतात, कारण तिच्या फाँटमध्ये देवनागरी नाही. फाइल मात्र बरोबर उघडते. चौकोन पाहून पुन्हा दुरुस्ती करत बसू नये.

पॉवरशेल ५.१ ची गंमत उलटी. तिथे स्क्रिप्टमध्ये मराठी नाव असेल तर ती खूण असावीच लागते, नाहीतर अक्षरे बिघडतात. बॅचला खूण नको, पॉवरशेलला हवी.

निर्णय: स्विचमधून जाणाऱ्या सर्व फायली आणि फोल्डरांची नावे इंग्रजीत. माणसाला दिसणारे शॉर्टकटचे नाव मराठीत. हे काही हरणे नाही. इथल्या कागदांवर मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषांतली ग्राहकांची नावे येतात, आणि ती कागदाच्या आत हवी तेवढी यावीत. पाथमध्ये नकोत.

१८ फेब्रुवारी, सोमवार

सूत खपाची शीट. काउंट, रंग, लॉट आणि मागाप्रमाणे वजन. सूत्रे एकमेकांत गुंतलेली. एक पूर्ण गणित व्हायला एवढा वेळ लागतो की माणूस चहा घेऊन येतो. एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत एका वापरकर्त्याची सगळी वर्कबुक एकाच प्रोसेसमध्ये उघडतात. खिडक्या वेगळ्या दिसतात, पण इंजिन एकच. त्यामुळे सुताचे गणित चालू असताना त्याच माणसाची पॅकिंग लिस्टही गोठते.

उपाय '/एक्स'. या स्विचने एक्सेल स्वतंत्र प्रोसेसमध्ये उठते. सूत खपाच्या शॉर्टकटमध्ये '/एक्स' आणि त्यापुढे फाइलचा पाथ. टास्क मॅनेजरमध्ये त्या माणसाच्या नावावर दोन एक्सेल दिसली, एक तापलेले आणि एक शांत.

किंमतही आहे. दोन प्रोसेसमध्ये कॉपी-पेस्ट केले तर सूत्रे बहुधा जात नाहीत, आकडेच जातात, आणि एका फाइलमधून दुसरीचा संदर्भ माऊसने निवडून देता येत नाही. दुसरे, ज्याच्याकडे वैयक्तिक मॅक्रोची पर्सनल फाइल आहे त्याला दुसरे एक्सेल उठताच 'फाइल संपादनासाठी बंद आहे' असा निरोप येतो, कारण ती पहिल्या प्रोसेसने आधीच धरलेली असते. 'रीड-ओन्ली' दाबले की पुढे जाते. हिशोबातल्या दोघांच्या मॅक्रो अ‍ॅड-इनच्या रूपात सेव्ह करून दिल्या, मग निरोप थांबला.

मेमरी: ३२ बिट एक्सेल २०१६ ला ६४ बिट विंडोजवर ४ जीबीपर्यंतची पत्ता-जागा मिळते, पूर्वी ती २ जीबी असे. दोन प्रोसेस झाल्याने ही मर्यादा प्रत्येकीला वेगळी लागू होते. पण सर्व्हरची रॅम सामायिक आहे, म्हणून '/एक्स' फक्त या एका शॉर्टकटमध्ये. 'सगळ्यांनाच टाकून द्या की' ही सूचना आली, मानली नाही.

२० फेब्रुवारी, बुधवार

पॅकिंग खात्याचा फोन: "ओ सर, एक्सेल उघडतंय, पण आमची बटणं गायब झाल्यात की."

बटणे म्हणजे त्यांच्या अ‍ॅड-इनचा पट्टा: गठ्ठ्यांची बेरीज, निव्वळ आणि ढोबळ वजन. शॉर्टकटवरून उघडले तर दिसतो, हिशोबाच्या प्रोग्रॅममधून 'एक्सेलला पाठवा' दाबले तर नाही.

कमांड लाइनचा रकाना उघडला. दुसऱ्या बाबतीत एक्सेल '/ऑटोमेशन' आणि 'एम्बेडिंग' घेऊन उठलेले. दुसरा प्रोग्रॅम एक्सेलला कॉम इंटरफेसने बोलावतो तेव्हा शॉर्टकटचा काही संबंध राहत नाही. विंडोज रजिस्ट्रीत लिहिलेली ओळ चालवते. आणि ऑटोमेशनने उठलेले एक्सेल अ‍ॅड-इन आणि एक्सेल-स्टार्ट फोल्डरातल्या फायली स्वतःहून उघडत नाही. हे अ‍ॅप-व्हीमुळे झालेले नाही, साध्या इन्स्टॉलवरही असेच होते. आभासी ऑफिस आले म्हणून दोष त्याच्या माथी मारला गेला.

फळ्यावर लिहून ठेवले. ऑफिसमध्ये शिरायची दारे चार: शॉर्टकट, फाइलवर डबल क्लिक, दुसऱ्या प्रोग्रॅमचे बोलावणे, आणि पूर्ण डेस्कटॉपऐवजी एकच प्रोग्रॅम दाखवणारे रिमोटअ‍ॅप. एका दारावर लावलेला स्विच दुसऱ्या दारातून येणाऱ्याला लागू होत नाही. 'स्विच दिला पण चालत नाही' अशा तक्रारीत आधी दार विचारायचे.

पॅकिंगसाठी तोडगा: हिशोबाच्या प्रोग्रॅममधून थेट एक्सेलला न पाठवता ठरलेल्या फोल्डरात फाइल म्हणून काढायची आणि शॉर्टकटने उघडायची. एक क्लिक जास्त, पण बटणे हजर.

२५ फेब्रुवारी, सोमवार

आतापर्यंतचे शॉर्टकट सार्वजनिक डेस्कटॉपवर हाताने ठेवलेले. ते पॅकेजबरोबरच यावेत म्हणून डिप्लॉयमेंट कॉन्फिगरेशनची एक्सएमएल फाइल हातात घेतली. पॅकेजच्या शेजारी ती आपोआप तयार झालेली असते. तिच्यात प्रत्येक शॉर्टकटसाठी टार्गेट, आयकॉन, आर्ग्युमेंट्स, काम करायचा फोल्डर अशी घरे असतात. आर्ग्युमेंट्सचे घर रिकामे असते, स्विच तिथे जातो. टार्गेटमध्ये पॅकेज-रूटचे चौकटी कंसातले चिन्ह असल्याने व्हर्जन-आयडीचा प्रश्नच उरत नाही.

इथे घोटाळा झाला तो असा. इन्व्हॉइसचा एक शॉर्टकट ठेवून बाकी ओळी 'नको' म्हणून उडवल्या, लागू केले, आणि सर्व्हरवरून एक्सेल, पॉवरपॉइंट, आउटलुक सगळ्यांचे शॉर्टकट नाहीसे झाले. शॉर्टकट विभागात एक्स्टेन्शन्स लिहिली की पॅकेजच्या मूळ यादीतली त्या विभागाची सगळी नोंद बाजूला पडते. भर घातली जात नाही, पूर्ण बदल होतो. म्हणून मूळ विभाग जसाच्या तसा ठेवायचा आणि त्याच्या खाली आपली नोंद वाढवायची. विभाग 'चालू' ठेवून आत काहीच लिहिले नाही तर मात्र मूळ यादी तशीच राहते.

दुसरा छोटा काटा: एका ग्राहकाच्या फोल्डराच्या नावात 'अँड'चे चिन्ह होते. एक्सएमएलमध्ये ते उघडे लिहिले की अख्खी फाइलच अवैध ठरते. ते सांकेतिक रूपात लिहावे लागते. फोल्डराचे नावच बदलले.

लागू करायचा क्रम: 'सेट-अ‍ॅपव्हीक्लायंटपॅकेज' देऊन नवी कॉन्फिगरेशन फाइल, मग पुन्हा ग्लोबल पब्लिश. सेट केले आणि पब्लिश विसरले तर काहीच बदलत नाही, आणि माणूस एक्सएमएलमध्ये चूक शोधत बसतो.

डबल क्लिकच्या दारासाठीही याच फाइलमध्ये फाइल-प्रकारांचा विभाग आहे, आणि त्यात उघडण्याची पूर्ण कमांड लाइन. त्याला हात लावला नाही. तिथे '/एक्स' घातले असते तर प्रत्येक डबल क्लिकला नवे एक्सेल उठले असते.

१ मार्च, शुक्रवार

चिंचोळीच्या गोदामासाठी रिमोटअ‍ॅप. तिथल्या दोन संगणकांवर फक्त पॅकिंग लिस्ट दिसावी, पूर्ण डेस्कटॉप नको.

एक्सेलचा रिमोटअ‍ॅप, '/आर' आणि यूएनसी पाथ (सर्व्हर आणि शेअरच्या नावाने लिहिलेला). '/आर'ने फाइल फक्त वाचण्यासाठी उघडते, त्यामुळे गोदामाने सकाळी उघडून ठेवली तरी इकडे पॅकिंगवाल्यांना ती भरता येते. आधी रोज 'फाइल दुसऱ्याने उघडली आहे'चा तमाशा होता. ड्राइव्हच्या अक्षराचा पाथ टाळला. लॉगिनच्या वेळी ड्राइव्ह जोडायला उशीर झाला तर एक्सेल आधी उठते आणि फाइल नाही म्हणते.

रिमोटअ‍ॅपला कमांड लाइनच्या बाबतीत तीन पर्याय असतात: काहीच नको, काहीही चालेल, आणि नेहमी हेच. 'काहीही चालेल' सोपा वाटतो, पण मग जोडणीची आरडीपी फाइल नोटपॅडमध्ये उघडून कुणीही त्यात हवा तो स्विच किंवा मॅक्रोचे नाव टाकू शकतो. 'नेहमी हेच' ठेवले. प्रोग्रॅमचा पाथ पुन्हा तोच, इंटिग्रेशनचा.

४ मार्च, सोमवार, महाशिवरात्र

कारखाना बंद, सर्व्हर रिकामा. फेब्रुवारीच्या अपडेटसह नवे पॅकेज बनवून ठेवले होते ते चढवले. अ‍ॅप-व्हीतले ऑफिस स्वतःहून अपडेट होत नाही. डिप्लॉयमेंट टूलने नवे पॅकेज बनवायचे, जोडायचे, ग्लोबल पब्लिश करायचे. कुणाचेही ऑफिस उघडे नको, आणि शेवटी सर्व्हर रीस्टार्ट. तुटलेली सत्रेही पाहून बंद केली. शनिवारी संध्याकाळी खिडकी नुसती बंद करून गेलेल्यांची तीन सत्रे आत एक्सेल घेऊन बसलेली होती.

शॉर्टकट, रिमोटअ‍ॅप सगळे उघडून पाहिले. इंटिग्रेशनच्या पाथमुळे एकही हलला नाही.

५ मार्च, मंगळवार

एक हलला होता. बारकोड.

लेबल छापण्याचा हा प्रोग्रॅम सर्व्हरवर साधा इन्स्टॉल आहे, आभासी नाही. तो एक्सेल फाइलमधून लॉट क्रमांक आणि वजन वाचतो, आणि त्यासाठी त्याला ऑफिसबरोबर येणारे अ‍ॅक्सेसचे डेटाबेस इंजिन लागते. ते पॅकेजच्या बुडबुड्यात (आभासी वातावरणात) असल्याने बाहेरून 'प्रोव्हायडर नोंदलेला नाही' असा निरोप यायचा. म्हणून त्याच्या शॉर्टकटला '/अ‍ॅपव्हीव्हीई' हा स्विच दिला होता: पुढे कोलन (:), मग पॅकेज-आयडी, अधोरेषा, व्हर्जन-आयडी. असे दिले की बाहेरचा प्रोग्रॅम पॅकेजच्या आत उठतो आणि त्याला आतले सगळे दिसते.

व्हर्जन-आयडी. ७ फेब्रुवारीचा नियम फोल्डरांच्या पाथला लावला, या स्विचला लावायचा राहिला. पॅकेज बदलले, जुना आयडी कालबाह्य, आणि सकाळी पहिल्या गाडीचे गठ्ठे लेबलाविना उभे.

कायमचा उपाय पॉवरशेलची एक ओळ: 'गेट-अ‍ॅपव्हीक्लायंटपॅकेज' ला ऑफिसच्या पॅकेजचे नाव देऊन चालू पॅकेज मिळवायचे आणि ते 'स्टार्ट-अ‍ॅपव्हीव्हर्च्युअलप्रोसेस'ला द्यायचे, फाइलपाथमध्ये लेबल प्रोग्रॅमची एक्झी. आयडी कुठेच लिहावा लागत नाही. पॅकेज ग्लोबल असल्याने साध्या वापरकर्त्यालाही ते दिसते. फक्त 'ऑल' जोडायचे नाही, त्याला प्रशासकाचा हक्क लागतो. शॉर्टकट या स्क्रिप्टवर नेला, खिडकी लपवलेली.

रजिस्ट्रीतल्या 'रनव्हर्च्युअल' खाली एक्झीचे नाव नोंदवूनही हेच साधते, आणि मग ती कुठूनही उठली तरी आतच उठते. पण त्या नोंदीतही व्हर्जन-आयडी असतो. नको.

हाच आदेश तपासणीलाही उत्तम. एक्झीच्या जागी कमांड प्रॉम्प्ट दिला की काळी खिडकी बुडबुड्याच्या आत उघडते, आणि तिथून रजिस्ट्री आणि फोल्डर ऑफिसला दिसतात तसे दिसतात. बाहेरच्या रजिस्ट्री एडिटरमध्ये नोंद नाही म्हणून 'ऑफिसमध्येही नाही' असे ठरवू नये.

८ मार्च, शुक्रवार

डिझाइन खात्यातल्या एकाचे वर्ड उघडायला २० सेकंद. पायऱ्या अशा: '/सेफ'ने लगेच उघडले, म्हणजे पॅकेज ठीक. मग '/ए', ज्यात अ‍ॅड-इन आणि 'नॉर्मल' या वर्डच्या मूळ नमुन्यासकट सगळे सामायिक नमुने बाजूला राहतात, पण सेफ मोडची बाकी बंधने नसतात. तेही लगेच. मग '/एम' एकटा, म्हणजे आपोआप चालणारे मॅक्रो बंद: पुन्हा २० सेकंद. तेव्हा मॅक्रो नाही, अ‍ॅड-इन किंवा नमुना. वर्डच्या स्टार्टअप फोल्डराचा पाथ एका बंद पडलेल्या जुन्या संगणकाच्या शेअरवर होता, वर्ड त्याच्या उत्तराची वाट पाहत होते. पाथ काढला.

एक्सेलचे '/रेगसर्व्हर' आणि वर्डचे '/आर' हे जुने दुरुस्तीचे स्विच इथे द्यायचे नाहीत. ते प्रोग्रॅमची रजिस्ट्रीतली नोंद नव्याने लिहायला बघतात, आणि इथे ती नोंद अ‍ॅप-व्ही क्लायंट सांभाळतो. बिघाड वाटला तर 'रिपेअर-अ‍ॅपव्हीक्लायंटपॅकेज': 'यूजरस्टेट' दिले की त्या माणसाचे बदल पुसले जातात, 'एक्स्टेन्शन्स' दिले की शॉर्टकट आणि फाइल-जोडण्या पुन्हा बसतात. पहिला देण्याआधी त्या माणसाला विचारायचे. त्याने बसवलेली मांडणी जाते.

१२ मार्च, मंगळवार

पॅकिंग स्लिप एका क्लिकला छापणे. वर्डला ओळ दिली: '/क्यू', '/एन', फाइलचा पाथ, मग '/एमफाइलप्रिंटडिफॉल्ट', मग '/एमफाइलएक्झिट'. '/एम'ला चिकटून वर्डच्या आतल्या कमांडचे नाव दिले की ती चालते, आणि दोन एकापाठोपाठ देता येतात.

पहिल्या छपाईला वर्ड बंद होतानाच 'छपाई चालू आहे, थांबवायची का' असा प्रश्न घेऊन थांबले. कारण पार्श्वभूमीतली छपाई: कागद प्रिंटरकडे पूर्ण जायच्या आधीच दुसरी कमांड येते. वर्डच्या प्रगत पर्यायांत 'पार्श्वभूमीत छापा' बंद केले, प्रश्न गेला.

मग स्लिप हिशोब खात्याच्या प्रिंटरवर निघाली. 'डिफॉल्ट' म्हणजे सत्राचा डिफॉल्ट, आणि तो कोणत्या थिन क्लायंटवरून लॉगिन केले त्यावर बदलत होता. पॉलिसीतून क्लायंटचा डिफॉल्ट प्रिंटर सत्रात आणणे बंद केले आणि पॅकिंगच्या लॉगिनला त्यांचाच प्रिंटर नेमला.

१८ मार्च, सोमवार

आउटलुक थोडक्यात. '/प्रोफाइल' आणि नाव दिले की ठरलेली प्रोफाइल उघडते, पण आउटलुक आधीच चालू असेल तर काही उपयोग नाही, त्याचे दुसरे इन्स्टन्स होत नाही. डाव्या बाजूची पट्टी बिघडली तर '/रीसेटनॅव्हपेन', त्यात आवडत्या फोल्डरांची निवड पुसली जाते. '/क्लीनव्ह्यूज' दिले की स्वतः बनवलेली सगळी दृश्ये जातात. या तिन्हींचे शॉर्टकट वापरकर्त्यांना द्यायचे नाहीत, आमच्या फोल्डरात राहतील.

२ एप्रिल, मंगळवार

वर्षअखेरीच्या गर्दीनंतरची पाहणी. २४ जणांच्या डेस्कटॉपवरचे शॉर्टकट एका पॉवरशेल स्क्रिप्टने वाचले आणि टार्गेटमध्ये साठ्याचा पाथ कुठे आहे ते शोधले. चार सापडले. कुणीतरी सुरुवातीच्या आठवड्यात आमचा चाचणीचा शॉर्टकट आपल्या डेस्कटॉपवर ओढून घेतला होता आणि तो खात्यात फिरला. ४ मार्चला जुने पॅकेज फक्त मागे पडले होते, काढलेले नव्हते. फायली साठ्यात असेपर्यंत अशा शॉर्टकटना बंद पडायचे कारण नव्हते. चारही बदलले.

जुने पॅकेज काढणे पुढच्या सुट्टीला. त्याआधी ही स्क्रिप्ट पुन्हा चालवायची, आणि कार्यालयात ठेवलेल्या छापील स्विच-यादीतून '/अ‍ॅपव्हीव्हीई'ची ओळ खोडायची.